वसुलीचे शब्द



या मालेच्या चिटणीसांनी आम्हांस निमंत्रण दिले तेव्हा त्यांच्या मनात कामगार चळवळीवरचे भाषण होते. आम्ही म्हटले, ते आम्ही वर्षभर फाटकासमोर उभे राहून करीतच असतो. वसंतात थोडे निराळे बोलू द्या. विषय सांगितला, ‘वसुलीचे शब्द’. चिटणीस जरा थांबले आणि म्हणाले, “हा पंडितांचा प्रांत नव्हे काय?” आहेच. आमचे शिक्षण नववीच्या सहामाहीपाशी थांबले, हेही त्यांना ठाऊक होते. पण पंडित शब्दाकडे ग्रंथातून जातात, आम्ही त्याच्याकडे दारातून गेलो. शब्द आमच्या दारात येऊन बसला होता.

तो प्रसंग आधी सांगून टाकतो. १९९८ साली बहिणीच्या लग्नासाठी आम्ही कर्ज काढले. आमचे वडील १९७२ च्या दुष्काळात माण तालुक्यातून मुंबईस आले आणि गोवंडीस राहिले; गावाकडे जमीन होती, पण गहाण पडण्याच्या लायकीची नव्हती. देणाऱ्याने छापील कागदावर सह्या घेतल्या, दोन कोऱ्या कागदांवरही घेतल्या. आम्ही त्या वेळी संघटनेचे काम करीत होतो, दुसऱ्यांना ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ असे सांगत होतो, आणि स्वतः सही केली. चार महिन्यांनी हप्ता चुकला. एका सकाळी दोन माणसे आली आणि दारातल्या ओट्यावर बसली. त्यांनी शिवी दिली नाही, हात उगारला नाही, नुसती बसली. येणारीजाणारी माणसे पाहत होती. आमच्या आईने त्यांना चहा दिला. दुपारी पुन्हा दिला, संध्याकाळी पुन्हा. चहाची साखर आणि दूध वाण्याकडून उधारीवर आले होते. पुढे कर्ज फिटले तेव्हा हिशेबाच्या चिठ्ठीत एक रक्कम निराळी लावलेली होती, ‘माणसे पाठवण्याचा खर्च’.

यानंतर काही वर्षांनी फोर्टातल्या फूटपाथवर आम्हांस मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मिळाला. हा कोश पहिल्यांदा १८३१ साली छापला गेला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली निघाली, आणि पुण्यास १९७५ साली तिचे पुनर्मुद्रण झाले. आमच्याकडे आली ती हीच, पाठीचा पुठ्ठा गेलेली. आम्ही तो कादंबरीसारखा वाचीत असू. वाचता वाचता ‘मोहसल’ या शब्दापाशी आलो. मोहसल म्हणजे देणेकऱ्यावर किंवा सारा थकलेल्या रयतेवर बसवलेला शिपाई. तो जाऊन बसायचा आणि पैसा निघेपर्यंत उठायचा नाही. त्याच्या जवळच ‘मसाला’. हा भाजीतला मसाला नव्हे. सरकारातून शिपाई पाठवला की त्याच्या येण्याजाण्याचा आणि पोटाचा जो खर्च, तो ज्याच्यावर पाठवला त्याच्याकडूनच घ्यायचा. त्या रकमेस जुन्या कागदांत मसाला म्हणत. ते वाचले आणि आईचे चहाचे तीन कप डोळ्यांपुढे आले. आमच्या घरात जे घडले त्याला दोनशे वर्षांपूर्वी मराठीत नाव होते, आणि आम्हांला ते ठाऊक नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही वसुलीचे शब्द गोळा करू लागलो. त्यांतले काही आज आपल्यापुढे ठेवतो. सगळे ठेवले तर रात्र पुरणार नाही.

प्रथम एक गोष्ट लक्षात येते. मराठीत देण्याघेण्याचे जे ठसठशीत शब्द आहेत ते बहुतेक फारसी-अरबी वाटेने आलेले आहेत: वसूल, महसूल, जमा, बाकी, कर्ज, जप्ती, तगादा, हप्ता. तहसील म्हणजे मुळात गोळा करणे, वसूल करणे. मोहसल त्याच घरातला. महसूल हाही त्यांचा भाऊ. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडून ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला, राज्यकारभारातले यावनी शब्द काढून संस्कृत शब्द योजावेत यासाठी. प्रधानांची नावे बदलली, दरबारची पुष्कळ नावे बदलली. पण चावडीवरची वसुली ‘वसुली’च राहिली. याचे कारण आमच्या मते साधे आहे. दरबारातला शब्द राजाच्या हुकमाने बदलतो. चावडीवरचा शब्द कुळकर्ण्याच्या दप्तरात आणि रयतेच्या धास्तीत मुरलेला असतो. ज्या शब्दाने घाम फुटतो तो शब्द माणूस विसरत नाही.

इंग्रज आले तेव्हा त्यांनीही हेच केले. जिल्ह्याच्या मुख्य अंमलदारास त्यांनी ‘कलेक्टर’ म्हटले, म्हणजे उघडउघड गोळा करणारा. आपण स्वातंत्र्यानंतर त्यास जिल्हाधिकारी केले, पण खेड्यातली म्हातारी आजही कलेक्टरच म्हणते, आणि त्याच्या हाताखालचा तहसीलदार तर नावानेच वसुलीवाला आहे. तो पूरग्रस्तांना धान्य वाटावयास आला तरी त्याच्या नावात वसुली असते.

जकातीची कथा मोठी गमतीची आहे, आणि ती आमच्या गोवंडीच्या एका गल्लीत रोज घडते. अरबीत जकात म्हणजे मुसलमानाने आपल्या मिळकतीतून गरिबांसाठी काढावयाचा धर्मादाय वाटा. तोच शब्द इकडे येऊन नाक्यावरचा कर झाला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा गेली. तोपर्यंत मानखुर्दच्या पुढे वाशीच्या रस्त्याला ट्रकांची रांग लागत असे. आमच्या शेजारचा एक ट्रकवाला रात्री नाक्यावर जकात भरी आणि रमजानात मशिदीपाशी जकात वाटी. आम्ही एकदा त्यास विचारले, “दोन्हींत फरक काय?” तो म्हणाला, “एक देताना पावती मिळते, एक देताना झोप लागते.”

आता कराची नावे पाहा. घरपट्टी, पाणीपट्टी आपण आजही भरतो. पट्टी म्हणजे ठरल्या साऱ्यावर आणखी बसवलेला आकार. पेशवाईच्या कागदांत अशा पट्ट्यांची रांगच आहे. म्हैस असेल तर म्हैसपट्टी, लग्न केले तर लग्नटका, विधवेने पाट लावला तर पाटदाम, आणि कारागीर, दुकानदार यांच्यावर मोहतर्फा. या नावांना एक गुण होता, तो आम्ही मान्य करतो. ती आडपडदा ठेवीत नसत. म्हशीवरचा कर तो म्हैसपट्टी. आजच्या कर्जाच्या कागदावर ‘प्रोसेसिंग फी’, ‘सुविधा शुल्क’ असे लिहिलेले असते. सुविधा कोणाची, हे विचारण्याची सोय त्या नावात ठेवलेली नाही.

अशीच गत परदेशातही होती. मध्ययुगातल्या इंग्लंडातले वसुलीचे शब्द आम्ही जमेल तसे वाचले, आणि आम्हांस ते आमच्याच चावडीवरचे वाटले. आज आपण शेताला ‘फार्म’ म्हणतो. मूळ लॅटिनमध्ये तो शब्द ठरीव रकमेचा आहे. राजाने शेरीफास परगणा द्यायचा, शेरीफाने राजास दरसाल बांधलेली रक्कम भरायची आणि वर जे निघेल ते आपल्या खिशात घालायचे. त्या बांधलेल्या रकमेस ‘फार्म’ म्हणत. शेत हा अर्थ पुष्कळ नंतरचा. आपल्याकडे याला मक्ता म्हणत, इजारा म्हणत. दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने लावल्या, जो अधिक देईल त्याला महाल. मक्तेदाराने वर्षाच्या आत आपले पैसे व्याजासह काढावयाचे, मग रयतेचे बैल राहोत की जावोत. तेव्हाच्या मक्त्यात जी गोम होती ती आजच्या कंत्राटात आहे. ज्याने कमी रकमेत काम उचलले तो तूट कोठून भरून काढणार? झाडू मारणाऱ्याच्या पगारातून. आम्ही कंत्राटी सफाई कामगारांत काम करतो, तेव्हा हे वाक्य पुस्तकातून आलेले नाही.

इंग्रजीत ‘टॅक्स’ आणि ‘टास्क’ हे दोन्ही शब्द एकाच मुळातून फुटले आहेत. एक कर झाला, दुसरा नेमून दिलेले काम. आमच्याकडे सारा आणि वेठ हे शब्द निराळे राहिले, पण घेणारा हात एकच होता.

मुकादम हा शब्द आमच्या जिव्हाळ्याचा, म्हणून त्यावर जरा थांबतो. जुन्या कागदांत मोकदम म्हणजे गावचा पाटील. गावच्या साऱ्याची जबाबदारी त्याच्यावर. तो सरकारापुढे गावाचा आणि गावापुढे सरकारचा. पुढे पाटील पाटीलच राहिला आणि मोकदम हा शब्द घसरत घसरत मजुरांच्या टोळीवर आला. आज बीडकडची जोडपी ऊसतोडीला जातात तेव्हा मुकादमाकडून उचल घेतात. उचल म्हणजे आगाऊ रक्कम, हंगामाभर ऊस तोडून ती फेडायची. नवराबायको मिळून एक कोयता, असा त्यांचा हिशेब होतो. माणसे मोजायची ती हत्याराने. उचल या शब्दाइतका भोळा शब्द मराठीत दुसरा नसेल. जणू वाटेत पडलेले काही आपण उचलले. फिटली नाही की ती पुढल्या हंगामावर जाते, आणि माणूस तिच्यामागून जातो.

खंडणीचे तर काय सांगावे! खंडणे म्हणजे रक्कम तोडून ठरवणे; जमिनीचा ठरवलेला मोबदला तो खंड. खंडणी ही राज्याराज्यांतली रीतसर बाब होती. तिच्याच जोडीला चौथाई, म्हणजे चौथा हिस्सा, आणि सरदेशमुखी, म्हणजे शेकडा दहा. बाळाजी विश्वनाथ १७१९ साली दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. आणि चौथाई आली म्हणजे एका पेटीत पडली असे नव्हे. तिच्यातली पाव राजाची बाबती, बाकीचा मोकासा. मोकाशातून सहोत्रा म्हणजे शेकडा सहा पंतसचिवांचा, नाडगौडा म्हणजे शेकडा तीन राजाच्या मर्जीतल्या माणसास, आणि उरलेले सरदारांचे. वाटणीचे इतके बारीक शब्द ज्या भाषेत आहेत तिच्यात देणाऱ्याचे दुःख सांगणारे शब्द त्या मानाने थोडे आहेत. दप्तर घेणाराच लिहीत होता, तेव्हा दुसरे काय होणार?

आज खंडणी हा गुन्हा आहे. मुंबई पोलिसांचे खंडणीविरोधी पथक आहे. रीतसर राजसत्तेचा शब्द गल्लीतल्या दादाच्या तोंडी गेला. नेमका हाच प्रवास इंग्रजीतल्या ‘ब्लॅकमेल’चा झाला. त्यातला ‘मेल’ टपालाचा नव्हे. स्कॉटलंडच्या बाजूला मेल म्हणजे खंड, भाडे. सरहद्दीवरच्या लुटारूंना ‘आमची गुरे नेऊ नका’ म्हणून शेतकरी जो खंड देई, तो ब्लॅकमेल. म्हणजे रक्षणाचे पैसे घेणारा आणि ज्याच्यापासून रक्षण करायचे तो, दोघे एकच. गोवंडीच्या बाजारात हातगाडीवाल्यास विचारा, तो ‘हप्ता’ या शब्दाचे दोन अर्थ सांगेल. हप्ता म्हणजे मुळात सात दिवस, आठवडा. एक हप्ता कर्जाचा, एक हप्ता गाडी उभी राहू देण्याचा. दोन्ही चुकवता येत नाहीत.

आता कर्जाकडे वळतो. कर्जाच्या शब्दांत मात्र आपल्या लोकांनी काही चांगलेही करून ठेवले आहे. ‘दामदुपट’ हा त्यांतला सर्वांत मोलाचा. व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये, एका वेळी मुद्दलाच्या दुपटीहून अधिक मागता येणार नाही, असा हा धर्मशास्त्राचा नियम. मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी तो मानला आणि १९४६ च्या मुंबईच्या सावकारी कायद्यातही त्याला जागा मिळाली. एका शब्दात एक संपूर्ण कायदा, आणि तो अडाणी माणसाला पाठ होऊ शकतो! दुसरा शब्द ‘फारखती’. कर्ज फिटले, आता देणेघेणे राहिले नाही, असे लिहून दिलेला कागद. हा शब्द पुढे ‘फारकत’ होऊन नवराबायकोच्या काडीमोडीत जाऊन बसला. मराठी माणसाने संसारालाही खातेच समजले म्हणावयाचे. आणि ‘नजरगहाण’ पाहा. जमीन ताब्यात द्यायची नाही, कसायची आपणच, पण तिच्यावर सावकाराची नजर. इंग्रजांचा ‘मॉर्गेज’ शब्दशः ‘मेलेले गहाण’ आहे. आमचे गहाण मेलेले नाही, ते बघत असते.

पण दामदुपट कोशात राहिली आणि खते सावकाराच्या पेटीत. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आपण आज येथे बसलो आहोत ते त्या रोपट्याच्या फांदीखाली. त्याच वर्षी, १२ मे रोजी, त्याच पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने गाठली. तेथून लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले. या दंग्यात लोकांची मुख्य मागणी धान्याची वा दागिन्यांची नव्हती. ती होती कागदांची. खते, रोखे, हुकूमनामे बाहेर काढा म्हणत, ते मिळाले की रस्त्यात जाळीत. अनेक ठिकाणी कागद मिळाल्यावर सावकाराच्या अंगास हातही लावला नाही. सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा केला. खताच्या मागे जाऊन खरा व्यवहार काय झाला ते पाहण्याची मुभा न्यायालयास मिळाली.

इंग्लंडात १३८१ साली असेच घडले होते. १३७७ पासून चार वर्षांत तीनदा डोईपट्टी बसली. तिसऱ्या खेपेस खेडुत उठले, लंडनवर चालून गेले, आणि वाटेत जहागिरदारांची दप्तरे जाळीत गेले. त्यांना वाचता येत नव्हते. सुप्याच्या पुष्कळ कुणब्यांनाही येत नव्हते. ज्याला कागद वाचता येत नाही तो कागदाला किती ओळखतो, हे या दोन जाळांवरून कळते. (त्या देशाच्या खजिन्यात हिशेबाच्या खाचा पाडलेल्या काठ्या असत, काठी उभी चिरून एक फाक देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. ती पद्धत गेल्यावर साठलेल्या काठ्या १८३४ साली पार्लमेंटच्या भट्टीत घातल्या, तर पार्लमेंटच जळाले. जुने हिशेब जाळताना सरकारांनीही सांभाळून राहावे.)

आमच्या मुंबईत वसुलीचा हिशेब गिरणीच्या फाटकात होई. पगाराच्या दिवशी काठी घेतलेला पठाण फाटकाबाहेर उभा, हे चित्र आमच्या आधीच्या पिढीतल्या जुन्या गिरणी कामगारांनी आम्हांस सांगितले आहे. सरकारने १९२९ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली मजूर आयोग नेमला, आपले ना. म. जोशी त्याचे सभासद होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने शिफारस केली की, कर्जवसुलीसाठी कारखान्याभोवती घेरा घालून उभे राहणे हा फौजदारी गुन्हा ठरवावा. बंगालात पुढे तशा अर्थाचा कायदा झालाही. मोहसलाला कायद्याने ‘ऊठ’ म्हटले ते असे.

येथे आम्ही आपणांस आमच्या सर्वांत आवडत्या शब्दाकडे नेतो. धरणे. हा शब्द आम्ही आयुष्यात किती वेळा पत्रकावर छापला याची गणती नाही. आम्हांस वाटे, तो आमचाच, चळवळीचा. कोशात पाहिले तर धरणे धरणारा सावकार निघाला! धनको ऋणकोच्या दारात जाऊन उपाशी बसे. तो उपाशी असेपर्यंत घरातल्यांनी अन्न घ्यायचे नाही, आणि तो मेला तर पाप घरमालकाच्या डोक्यावर. १८६० च्या दंडसंहितेतल्या ५०८ व्या कलमात, देवाचा कोप होईल अशी भीती घालण्याच्या गुन्ह्याचे पहिलेच उदाहरण दारात धरणे धरणाऱ्याचे होते. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेत तो गुन्हा ३५४ व्या कलमात आहे.

मग हे धरणे आमच्या हाती आले कसे? त्यातला एक धागा लष्करात सापडतो. मराठी फौजांत पगार महिनोन्‌महिने थकत. तेव्हा शिपाई सरदाराच्या डेऱ्यासमोर धरणे धरीत. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली ब्रॉटन नावाचा इंग्रज अंमलदार होता. त्याने घरी लिहिलेली पत्रे छापली गेली आहेत, त्यांत अशा धरण्यांची हकीकत आहे. त्याला ते सगळे चमत्कारिक वाटले. आम्हांस त्यात चमत्कारिक काही वाटत नाही. शिपायाने एक गोष्ट ओळखली होती: पगार थकला म्हणजे आपण मागणारे भिकारी नाही, आपण धनको आहोत आणि समोरचा ऋणको आहे. सावकाराला जो हक्क, तो मला. पहिला धनी थकबाकीचा आणि दुसराही थकबाकीचाच; पण पहिल्याने रुपये दिले होते, दुसऱ्याने वर्षभर खांद्यावर बंदूक वाहिली होती.

मालक कंत्राटदाराने तीन महिने पगार दिला नाही की तो म्हणतो, “थोडे सांभाळून घ्या.” कामगारही ओशाळल्यासारखा उभा राहतो, जणू उसने मागायला आला आहे. आम्ही त्याला एवढेच सांगत आलो की, तू ज्या रकमेसाठी आला आहेस तिला तुझ्याच भाषेत ‘थकबाकी’ म्हणतात आणि बाकी त्याच्या अंगावर आहे. ‘पगार’ हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘देणे भागवणे’. त्यात मेहेरबानीचा अंश नाही.

आता पुन्हा गोवंडीस येतो. आमच्या वस्तीत आज सावकार फारसा दिसत नाही. महिलांचे गट आहेत. आठ-दहा बायका एकत्र, कंपनी कर्ज देते, एकीने दुसरीची हमी घ्यायची. मराठी राज्यात याला साखळी जामीन म्हणत, एक दुसऱ्याला जामीन, दुसरा तिसऱ्याला, साखळीसारखे. आम्ही या कर्जाचे शत्रू नाही, हे स्पष्ट सांगतो. त्या पैशावर आमच्याकडे शिवणयंत्रे आली आहेत, मुलींच्या फिया भरल्या गेल्या आहेत, आणि सावकाराच्या दहा टक्क्यांपेक्षा ते बरे. पण हप्त्याच्या दिवशी एकीचा हप्ता चुकला की बैठक उठत नाही. बाकीच्या बायकांना स्वयंपाक असतो, पोरे शाळेतून यायची असतात. मग त्या बाकीच्या सात जणी त्या एकीच्या मागे लागतात. तिच्या दारात जातात. मोहसलास निदान मसाला मिळत असे. येथे शेजारणीच मोहसल झाल्या, आणि बिनपगारी.

कायदा येथे कोठे आहे? १९४६ चा सावकारी कायदा जाऊन महाराष्ट्रात २०१४ चा आला. परंतु रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०२२ रोजी केरळच्या एका खटल्यात ठरवले. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम चालतात. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अशा लहान कर्जांच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदारास फोन करून गाठता येत नाही. धमकी, शिवीगाळ, नातलगांस वा मित्रांस छळणे हेही निषिद्ध आहे. नियम चांगला आहे. तो कागदावर आहे, आणि कागदाची भाषा आमच्या बायकांना येत नाही, हा सुप्यापासूनचा दुखणेकरी मुद्दा तसाच आहे.

म्हणून गेल्या पावसाळ्यापासून आम्ही एक काम करतो. रविवारी दुपारी संघटनेच्या खोलीत गटातल्या बायका आपापले कर्जाचे कागद घेऊन येतात. एकेका शब्दावर बोट ठेवायचे आणि तो आपल्या भाषेत कसा म्हणतात ते ठरवायचे. ‘आउटस्टँडिंग’ला त्यांनी पटकन ‘अंगावरची बाकी’ म्हटले. ‘जॉइंट लायबिलिटी’पाशी गाडी अडली, तेव्हा आम्ही साखळी जामीन सांगितले, जालन्याकडची एक बाई म्हणाली, “म्हणजे एकीचा पाय घसरला की सगळ्या विहिरीत.” आम्ही ते तसेच वहीत उतरवले. काही उर्दू बोलणाऱ्या बायकांना कर्ज, बाकी, वसूल, किस्त हे शब्द आमच्यापेक्षा लवकर कळले. ते त्यांच्याच बाजूने आलेले होते. त्या दुपारी कोणाची भाषा कोणाची, याचा निकाल लागला नाही, आणि कोणी तो मागितलाही नाही.

याच बायकांनी पुढे एक नोंदवही केली. कोण आले, किती वाजता आले, किती वाजता उठले, काय बोलले. पहिल्या रकान्याला मथळा काय द्यावा यावर बराच वाद झाला. ‘साहेब’ लिहावे असे एकीचे मत, ‘वसुलीवाला’ असे दुसरीचे. शेवटी गटाच्या प्रमुख बाईने, आमच्या तोंडून ऐकलेला शब्द लक्षात ठेवून, ‘मोहसल’ असे लिहिले. पुढल्या हप्त्याच्या दिवशी एकीचा हप्ता चुकला आणि कंपनीचा तरुण पोरगा बसून राहिला. तोही बिचारा पगारीच, त्याच्या डोक्यावर त्याच्या वरच्याचा तगादा. साडेपाच वाजले तेव्हा त्या बाईने वही त्याच्यापुढे ठेवली आणि सही करा म्हणाली. त्याने मथळा वाचला आणि विचारले, “मावशी, हे काय लिहिलंय?”

ती म्हणाली, “जुना शब्द आहे. घरी जाऊन आजोबांना विचारा.”

पोरगा हसला. पावणेसहाला त्याने सही केली, पुढे वेळ लिहिली, आणि गाडीला किक मारून गेला.